तळ्याचं वजन

माझ्याकडे तराजू आहे, म्हणून मला बोलावतात.
आकारामच्या शेततळ्यावर तीन उन्हाळे गेलो,
मासे लिहिले ते डाळिंबाच्या वहीतच, मागच्या पानावर.

मेव्हण्यानं राजेवाडीहून कळशीत आणलेल्या
अकरा चिलापी. बस्स.
काळ्या प्लास्टिकवर बागेसाठी साठवलेलं पाणी,
ना मरळ, ना दिवड, ना पाणकावळा.

सुबाना तेव्हा सातवीत. गणित मांडून बसला:
अकराचे शंभर, शंभराचे हजार,
मादी पिल्लं तोंडात सांभाळते, मग मरणार कोण?
"आबा, मी दहावीला जाईस्तोवर
आटपाडी तालुका माशांनी भरंल."
आकाराम हसला नाही.
तो जुना टेम्पो बघून आला होता.

पहिलं जाळं: तळहाताएवढे मासे, नव्वद किलो.
करगणीच्या बाजारात दुपारच्या आत संपले.

दुसऱ्या साली पाणी उकळतंय असं वाटावं
इतके. मोजायची सोयच नाही.
पण बोटाएवढे. डोकं मोठं, अंग वाळलेलं,
आणि त्या बोटाएवढ्या मादीच्याही
तोंडात पिल्लं, म्हणून ती उपाशी.
काट्यावर घातले.
नव्वद.
मी दगड बदलून पुन्हा तोलले.

आकारामनं पेंडीचं पोतं ओतलं.
पाणी हिरवं झालं, मग वासाचं.
आभाळ भरलेल्या एका पहाटे
सगळी तोंडं वर, हवा मागत,
आणि उजाडल्यावर घारी.

"किती मासे, ते मासे ठरवतात," बाळकू भोई म्हणाला,
"किती वजन, ते तळं."
ओल्या बारदानात गुंडाळून त्यानं दोन मरळी आणल्या.
पाणकावळे आपापले आले, त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

तिसऱ्या उन्हाळ्यात मासे पुन्हा तळहाताएवढे, थोडे.
अठ्ठ्याऐंशी. मरळ मी तोलली नाही.
सुबानानं वहीत डोकावून पाहिलं
आणि काही न बोलता सायकल काढली.

परतताना वेशीवर बंद घरं मोजली, सवयीनं.
माझे दोन्ही भाऊ गलाईला,
एक सेलमला, एक आसनसोलला,
सोनं वितळवतात, दिवाळीला येतात.
कुलपं ओळखीची आहेत सगळी.

माशाला गलाई नसते.