बाहेरची कड

इतवारीच्या भंगारातून किलोच्या भावाने आणले
बारा नाल.
"आणि घोडे?" मी गमतीत विचारलं.
"घोड्याचं बिल वेगळं लागंन बाई,"
तो तराजू झटकत म्हणाला.

लोहापुलामागे रज्जाक मिस्त्रींचं शेड.
मे महिना, पत्रे तापलेले, आणि मी
बावन्नाव्या वर्षी चामड्याचे हातमोजे घालून
रॉड चिकटवून बसलेली.
"खेचू नका जी, मनगट मुरडा.
कुलूप उघडता नं, तसं."

पहिला टाका गोवरी थापल्यासारखा.
दुसरा आरपार, भोक पाडून.
तिसऱ्याची खपली हातोडीने उडवली
तर खाली मुंग्यांची रांग,
चमकणारी, जराशी वाकडी,
पण रांग.

त्या रात्री डोळ्यांत वाळू.
बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राहिले,
कूलर घरघरत होता.

अखेर चपलांचा स्टँड झाला.
दारात ठेवला तर डुगडुगतो.
उचलून परत नेला.
मिस्त्रींनी खालचा एक नाल अंगठ्याने चाचपला:
"याची भायेरची कड पाहा, पार घासली.
जनावर लंगडत होतं हे.
माझा सासरा नालबंद,
तो नुसता नाल पाहून चाल सांगे."
मग ग्राइंडर हातात घेतला. "सरळ करून देऊ?"

नको म्हटलं.

आता कुणी चप्पल काढून ठेवली
की तो एकदा डावीकडे कलतो, टक् करतो,
आणि मी कणीक मळता मळता
आणखी एका माणसाचं पीठ घेते.