माया

सातवीच्या फळ्यावर मी शब्द लिहिले
एकाखाली एक, खडू वाचवत:
स्ट्रेच. एक्स्टेंड. एक्सपांड. एक्सीड.
आणि खाली जागा उरली म्हणून
आउटग्रो.

मराठीत सांगा, म्हटलं.

स्ट्रेच सोपा निघाला. मागच्या बाकावरून
सायकलच्या ट्यूबची गुलेर वर झाली
आणि लगेच खाली गेली.
एक्सपांड म्हणजे ज्वारीची लाही, मॅडम.
एक्स्टेंड म्हणजे उसेंडीच्या घरचा वालाचा वेल,
कुंपण वलांडून आमच्याकडे आला,
शेंगा आमीच खातो.
एक्सीडला कोणी बोलेना. तेवढ्यात
घाटंजीची काळीपिवळी गेली रस्त्यानं,
मागच्या दांडीला चौघं लटकलेले,
आणि अख्खा वर्ग खिडकीकडे बघून हसला.

आउटग्रोपाशी मीच अडले.
शब्दकोशात होतं:
वाढीमुळे एखादी गोष्ट अपुरी पडणे.
एका शब्दावर पाच शब्दांचं पांघरूण,
तरी पाय उघडेच.

खिडकीजवळची मोनाली कोडापे उभी राहिली,
निळा स्कर्ट एका हातानं खाली ओढत.
हे बघा, मी म्हटलं,
मोनालीनं स्कर्टला आउटग्रो केलं.
"म्या काई नाई केलं, मॅडम.
थोच आखूड झाला."

खरंच की.
आपल्याकडे वाढणाऱ्याचा दोष नसतो.
कापड आखडतं, घर लहान पडतं,
वहाण चावते.
इंग्रजीत सगळं पोरीच्या अंगावर येतं.

सुटीत तिला पंचफुलाबाईकडे नेलं,
पिठाच्या गिरणीला लागून मशीन.
मोनाली माझी ओढणी गुंडाळून भिंतीआड,
आणि इकडे स्कर्ट उलटा करून,
सुई ओठांत धरून,
बाई ब्लेडनं टाके उसवत गेली.
आतून निघालं चार बोटं कापड,
गर्द निळं,
दोन वर्षं उन्हापासून, साबणापासून, माझ्या नजरेपासून
घडी घालून बसलेलं.

"माया ठेवली व्हती," ती म्हणाली.
"पोट्टीचं अंग हाये. मले का मालूम नाई?"

आणि माया संपली की?

"मंग नवं कापड."
दातानं दोरा तोडला. "वीस रुपये द्या."

रात्री वह्या घेतल्या तपासायला.
टेबलावर बदलीचा अर्ज होता,
तो जरा सरकवला, वहीपुरता.
मोनालीच्या वहीत पाचव्या शब्दापुढं
खोडून खोडून कागद पातळ झालेला,
आणि त्यावर, जपून:
आउटग्रो म्हणजे माया लागणे.

चूक तर होतीच.
लाल पेन उघडलं
आणि तशीच बसून राहिले,
टोपण दातांत धरून.