शंभरावर एक

कोहतला-यार्वेत डिसेंबरात तीनलाच दिवस मिटतो.
राखेचा डोंगर तेवढा अजून थोडा उजळ, बर्फामुळे.
रइसा खिडकीकडे पाठ करून बसते,
मांडीवर मांजर, कानांवर भाच्याचा जुना हेडफोन,
एका बाजूने मुका,
आणि यान सुरू करते.

भाचा अर्त्योम गोदीत वेल्डिंगला गेला, तुर्कूला.
जाताना मावशीकडे सोपवून गेला
एक ठोकळ्यासारखं मालवाहू यान,
चारशे टनांचं पोट, एक ड्रिल,
आणि कुणाच्याच मालकीची नसलेली
लघुग्रहांची एक रांग.
"नुसतं फिर गं, बघ," म्हणाला.
तिनं बघितलं नाही. भाव विचारला.

सत्तावीस वर्षं पट्ट्यापाशी उभं राहून
तेलखडकातला चुनखडा वेचला होता तिनं.
तपकिरी जाऊ दे, पांढरा फेक.
पट्टा थांबत नसे;
एका शिंकेत दोन दगड निसटत
आणि शनिवारी पगारात दिसत.

इथे दगड थांबून राहतात. वाट बघतात म्हण हवं तर.
कोबाल्ट, निळी काच, गोठलेला अमोनिया,
आणि जिच्यावाचून कुणाचंच इंजिन जुळत नाही
ती मेलेल्या ताऱ्याची राख.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मांजर दचकेल इतकं हसली.
राख? विकत?
आमच्याकडे डोंगरभर पडलीय, या घेऊन जा!

नवव्या स्थानकावर गलका असतो.
कुणी सतरा म्हटलं की शेजारचा सोळा-नव्व्याण्णव.
रइसा भाव पाडत नाही.
भवानी होईपर्यंत गप्प बसते,
मग शंभराची रास लावते, आणि वर एक.
योह्वीच्या बाजारात बियावाली
सूर्यफुलाच्या बियांनी ग्लास काठोकाठ भरल्यावर
आणखी एक चिमूट टाकायची, न बघता,
तसा.

दोन वर्षं एकच गिऱ्हाईक.
नाव किल्याय४४, देश माहीत नाही.
बोलणं आकड्यांचंच.
तिच्या मध्यरात्री तो यायचा, जेवून आल्यासारखा,
शंभराचे पैसे मोजायचा,
जायचा.

परवा निरोप आला,
यंत्रानं रशियनमध्ये उलथून दिलेला:
"आदरणीय विक्रेता महोदय,
आपल्या मोजणीत सातत्याने दोष आहे.
मी आमच्या जहाजबांधणी संघाचा हिशेबनीस.
जादा आलेले नग वेगळ्या कोठीत सांभाळले आहेत.
एकूण दोनशे बारा. कृपया परत घ्यावेत."

तीनदा वाचलं तिनं.
महोदय तर महोदय. पण दोष?
पट्ट्यावरच्या मुकादमाची सुद्धा
छाती झाली नव्हती तोंडावर म्हणायची.
चहा गार झाला. मांजर उतरून गेलं.
मग तिनं दोन बोटांनी टंकलं:
"दोष नाही. ते वरचे आहेत."

बराच वेळ काही नाही.
मग: "क्षमा असावी.
नकाशा पुन्हा तपासला.
अवकाशात वर कुठल्या बाजूला?"

यावर काय लिहायचं.
बियावालीचा अंगठा लिहायचा का,
काळाकुट्ट, ग्लासाच्या काठावरचा?
यंत्र त्याचं काय करील कोण जाणे.
"राहू द्या," एवढंच लिहिलं.

सौद्याची चौकट उघडली.
साठ सेकंद. तिनं नाही म्हटलं.
पुन्हा उघडली. नाही.
तिसऱ्यांदा उघडली तेव्हा
पलीकडचं माणूस झोपेचं खोटी होतंय असं वाटून
तिनं घेतलं.

आणि सवयीनं मोजायला बसली.
यंत्राच्या आकड्यावर विश्वास नाही तिचा,
दहादहाचे गठ्ठे करून, ओठ हलवत,
शेवटचे तीन सुटे.
पुन्हा मोजले.

दोनशे तेरा.

पठ्ठ्या शिकला,
की यालाही आता मोजता येत नाही?

विचारलं नाही.
ड्रिल सुरू केलं.