सतरा नंबर

गरम पाणी नाही. गरम पाण्यात रक्त शिजतं,
शिजलं की कापडाशी सोयरीक जोडतं.
काजानीत या दिवसांत नळाला बर्फाचंच पाणी;
बोटं बधिरतात, तेवढंच.

याल्मारीची हॉकीची जर्सी, पांढरी.
सामना शनिवारी, बॅग उघडली आज, मंगळवारी.
सतरातल्या सातावर तपकिरी डाग, खापरीसारखा कडक.
"तुझं?"
"नाही," फोनमधून मान न काढता, "त्या इसाल्मीच्या पोराचं."

मी सुस्कारा टाकला.
मोठ्याने. न्हाणीघरात घुमला.

मग मीठ. मग साबणाची वडी, पण उलट्या बाजूने,
म्हणजे डाग आल्या वाटेने परत जातो.
मग जखमेवरचं औषध, थेंब थेंब:
फेस फसफसत वर येतो,
काही सांगायचं असावं तसा,
आणि मी बोळा दाबून धरते.

पाणी तांबूस, मग गुलाबी, मग नुसतं पाणी.
एक पिवळट कड राहिलीच.
मला दिसते. इतरांना नाही दिसणार.

इसाल्मी इथून तासाभरावर.
तिथेही कुणी वाकली असेल टबावर,
"तुझं?" विचारून झालं असेल तिचं.

जर्सी वाळत घातली, सौनाच्या वाफेपासून लांब.
त्या पोराचं नाव
मी अजून विचारलेलं नाही.