वर्णनात्मक नोंदी

एप्रिल. आठवी ब, पट बेचाळीस.
सगळे वरच्या वर्गात, तसा आदेश आलाय.
उरला फक्त नोंदींचा रकाना,
जो मी दरवर्षी एका दुपारी उरकते:
'अभ्यासात सातत्य आहे.'
'अबोल. बोलते करणे आवश्यक.'
'उत्साही, पण चंचल.'
वाक्यं ठरलेली. मुलं त्यांत बसतात.

यंदा बसेनात.

हर्षल ढमढेरे. प्रश्न संपायच्या आत
याचा हात वर, उत्तर चुकणार असलं तरी वर.
जुलैपासून तो एक काळा चौकोन आहे, मधोमध 'ह'.
"हर्षल, आहेस ना?"
"हो मॅडम."
त्याची आई फोनवर म्हणाली,
हसायला कुणी नसलं की याला काही सुचतच नाही हो.
उत्साह, उत्साह म्हणून मी जे लिहीत आले
ते उसनं होतं. बाकावरच्या तिघांकडून, रोज थोडं.

निलोफर बागवान, मार्केट यार्डामागच्या दोन खोल्या, माणसं सात.
रात्री सव्वाअकराला मेसेज:
मॅडम, बहुपदीच्या भागाकारात बाकी उरली तर चालते का?
बाराला दुसरा:
चालते. मीच करून बघितलं.
बोलकी ती आधीपासूनच असणार.
तोंड उघडलं की एकेचाळीस माना वळायच्या,
त्या वळायच्या थांबल्या, इतकंच.

प्रज्योत कुचेकरचा फोन
दिवसभर वडिलांच्या खिशात हडपसरभर पार्सलं पोचवत फिरतो.
साडेनवाला घरी येतो.
मग वहीचे फोटो: सतरा पानं, चार तिरकी,
एकावर मांजराचा पाय.
हजेरी अठ्ठावीस टक्के.
सातत्याचं काय लिहू?

एकदा मी अकरा मिनिटं शिकवलं, माइक बंद ठेवून.
सातारा रस्त्यावरून अ‍ॅम्ब्युलन्स गेली म्हणून बंद केला होता,
मग दुसरी गेली, मग विसरले.
कुणी बोललं नाही. शेवटी तो 'ह' उजळला:
"मॅडम, छान शिकवता तुम्ही, पण मनातल्या मनात."
खाली हसण्याच्या पिवळ्या चेहऱ्यांची रांगच लागली.
त्या दिवशी हर्षलनं तीन गणितं सोडवली. तिन्ही चुकीची.
मी धनकवडीच्या त्या स्वयंपाकघरात
ओट्याला टेकून उभी राहिले जरा वेळ.

त्याच्या रकान्यात लिहिलं: 'याला माणसं लागतात.'
सुपरवायझर बाईंचा फोन. अहो, असं नाही चालत,
नमुन्यातलं काहीतरी लिहा.
बरं म्हटलं. खोडलं नाही.

राहिली ईशानी देवधर.
स्वतःची खोली, स्वतःचं टेबल, हजेरी शंभर टक्के.
जानेवारीत तिनं लिहिलं होतं:
मॅडम, मला शिकायचंय की नाही तेच कळत नाहीये.
मी फक्त लॉगिन होते.
मी लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं.
तिकडे तिला दिसत राहिलं असेल
माझ्या नावाखाली, बराच वेळ:
टाइप करत आहे…

अजून करतेय.