पावती

वेंडल सुटला तो मार्चमधला मंगळवार.
बोलिव्हियाचा तुरुंग. देश नव्हे,
नॉर्थ कॅरोलायनातलं आमच्या जवळचं गाव,
एक कोर्ट, एक पेट्रोल पंप,
आणि मागे पाइनचं रान, पायाखाली पचपचणारं.

गुन्हा: दोनशे सोळा व्हीनस फ्लायट्रॅप,
रात्री, लोणी लावायच्या सुरीने उकरलेले,
उशीच्या अभ्र्यात भरलेले.
भाव रोपामागे पंचवीस सेंट.
हिशेब तुम्हीच करा.
वकिलाने केला, आणि हसू आलं म्हणून खोकला.

माझी डार्ला नऊ वर्षांची.
तिने त्याला दारातच गाठलं:
मामा, ती झाडं खरंच चावतात?
मी डोळे वटारले.
तो बूट काढता काढता म्हणाला,
एखादा रिकामा डबा आहे का घरात?

होता. चीज बॉल्सचा, प्लास्टिकचा,
बादलीएवढा, आतून अजून केशरी.
तिघांनी मिळून घासला.
त्याने खिळा तापवून बुडाला भोकं पाडली,
झाकण फेकून दिलं. "ह्यांना कोंडायचं नाही,"
एवढंच म्हणाला, आणि पुढे बराच वेळ काही बोलला नाही.

पीट मॉस, शेजारच्या ओटिसकडून अर्धी पिशवी, फुकट.
स्विमिंग पूलची वाळू, चार डॉलर.
वाळू धुतली सात पाण्यांनी,
आमच्याकडे तांदूळसुद्धा एवढे कुणी धूत नाही.
खाली पायची जुनी थाळी, तिच्यात पाणी,
पण नळाचं नाही.
पन्हळीखाली डार्लाने पिंप लावलं
आणि आठवडाभर आभाळाकडे बघत बसली.

रोप मात्र त्याने विकत आणलं,
नर्सरीतून, रांगेत उभं राहून,
पाच डॉलर एकोणपन्नास सेंट.
माझा भाऊ, ज्याला डोळे मिटून
ती कुठे उगवतात ते ठाऊक!
पावती त्याने डब्याला चिकटवली,
आकडे बाहेरच्या बाजूला, रस्त्यावरून दिसतील अशी.

मग त्याने तिला मोजायला शिकवलं.
पानातला एक केस हलला तर झाड गप्प.
वारा असेल, थेंब असेल, काडी असेल.
वीस सेकंदांत दुसऱ्यांदा हलला, तरच मिटतं.
"एका धक्क्यावर ते कुणाला दोषी धरत नाही,"
तो म्हणाला. मी भांडी विसळत होते.
मी पाणी बंद केलं नाही.

चूक माझी झाली, मे महिन्यात.
पानं फिकट वाटली म्हणून टोमॅटोचं खत घातलं,
चमचाभर, मायेने.
वेंडलने सगळी माती उपसली, मुळं पावसाच्या पाण्यात धुतली,
रात्री अकरा वाजता, स्वयंपाकघराच्या फरशीवर.
ओरडला नाही.
"ताई, हे उपाशी मातीतलं लेकरू आहे.
ह्याला भरवलंस तर मरेल.
ह्याचं हे मिळवेल."
मी त्याच्या ताटात तिसरी बिस्किटं वाढत होते तेव्हा.
हात तिथेच थांबला.

जगलं. जूनमध्ये तीन माश्या आणि एक कोळी.
डार्लाने वहीत तारखांसकट लिहिलंय,
कोळ्यापुढे "सॉरी" असंही.

डिसेंबरात झाड काळं पडलं.
डार्ला रडली. वेंडलने डबा थंड गॅरेजात नेला,
खिडकीपाशी ठेवला.
मेलं नाही, म्हणाला, थंडीभर आत असतं.
आत म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही.
विचारेल एक दिवस.

आता फेब्रुवारी संपतोय. ती रोज गॅरेजात जाते,
चपला न घालता.
काल हाक मारली म्हणून मीही गेले.
मधोमध हिरवं काहीतरी, तांदळाच्या कण्याएवढं.

वेंडल मात्र डबा फिरवून पावती बघत होता.
उन्हाने शाई उडून गेली आहे.
नर्सरीचं नाव नाही, तारीख नाही, आकडा नाही.
कोरा कागद, चार बाजूंनी चिकटपट्टी.
मी म्हटलं, काढून टाक ना आता.
त्याने अंगठ्याने एक सुटलेलं टोक
पुन्हा नीट दाबून बसवलं.