डाव्या पायाचं माप

सुबरावनं फरशीवर वर्तमानपत्र पसरलं.
"बाई, अंग सोडून उभं ऱ्हावा. पुरा भार द्या."
एकसष्ट वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी सोन्याच्या भावांवर उभी राहिले.
पेन्सिल टाचेपासून निघाली, करंगळीला वळसा घालून आली,
आणि गुदगुल्या होऊन मी, निवृत्त प्राध्यापिका,
भर दुकानात हसले.

"डावा थोरला हाय," तो म्हणाला. "चांगला पाऊण बोट.
इतकी वर्सं उजव्याच्या मापात फिरवलाईसा त्याला."

मी नीतिशास्त्र शिकवायचे.
मंगळवार-गुरुवार, शेवटचा तास,
खालून कटवड्याचा वास, पोरांचं लक्ष तिकडं.
फळ्यावर मधोमध रेघ:
एका बाजूला स्वार्थ, एका बाजूला परार्थ.
रेघ सरळ यायची, तशी माझी ख्याती होती.
'दुसऱ्यावर स्वतःइतकं प्रेम करा' या वाक्यात
दरवर्षी मी 'दुसऱ्यावर'खाली दोन रेघा ओढल्या.
'इतकं' तसंच राहिलं.

एकदा मागच्या बाकावरून रेहाना मुल्लाणी उठली.
"बाई, स्वतःवर किती ते ठरल्याबिगर
दुसऱ्याचं माप कशावरनं काढायचं?"
तेवढ्यात घंटा झाली, असं मी आजवर सांगत आले.
घंटा झाली नव्हती.

त्या वर्षी माझ्या पायात जाऊबाईंना न बसलेल्या चपला होत्या.
वापरून सैल होतील, म्हणाले सगळे.
झाल्या नाहीत. पाय झाला.
आणि खरं सांगते, त्याचा मला माज होता.
घट्टा मी झाकायचे,
पण दिसेल अशा बेतानं.

दसरा चौकात परवा धैर्यशीलचा फ्लेक्स पाहिला.
माझ्याच वर्गातला, दोनदा नापास.
गॉगल, हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे.
पूर्वी म्हटलं असतं, बघा, हे आत्मप्रेम!
पण सिग्नलला रिक्षात बसून त्याच्याकडे बघताना वाटलं,
आपण दोघं एकाच बाकावरचे, बाळ.
तुला मिरवायला चौक लागला,
मला माजघर पुरलं.
एकटं असताना स्वतःला पाणी विचारायची
सवय ना तुला, ना मला.

आठ दिवसांनी चपला मिळाल्या.
जोडी म्हणायची, पण दोघींचं माप वेगळं.
तेलानं काळवंडलेल्या, करकर वाजणाऱ्या.
तिसऱ्या दिवशी चावल्या, तेही उजव्या पायाला,
ज्याचं आजवर सगळं बरोबर होतं.
सुबरावला सांगितलं, तर तो रापीवरून मान वर न करता म्हणाला,
"नवीन हाय, चावणारच. तेल लावा.
काढून ठिवू नका पर."

मापाचा कागद मी मागून घेतला.
रेहाना कागलला असते म्हणे; पत्ता मिळाला तर पाठवेन.
उत्तर माझ्याकडे नाही.
बाह्यरेषा आहे, सोन्याच्या भावावर काढलेली.

संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर
उजवा पाय मांडीवर घेतला आणि दाबत बसले.
ओळखीच्या घरातल्या अनोळखी माणसासारखा तो.
शेजारी कुणी शेंगा सोलत होतं,
एक पोर माझ्याकडे बघून आईला काही विचारत होतं.
मी हळूच म्हटलं, आपण दमलात का?

आणि मग कळेना
की हे 'आपण' आदराचं होतं,
की मी आणि पाय मिळून,
की नुसतं ते, जे आपलं आपण असतं.
व्याकरणाच्या बाईंना विचारायला हवं.
त्या माझ्या आधीच निवृत्त झाल्या.

पाय मांडीवरच होता.
डाव्यालाही वर घेतलं.